मेंढरं बसवली तिथं

नागपंचमीच्या आधीचे तीन दिवस मले एका जागी बसवलं नाई. चुलीपाशी बसली का वाटे, ई-क्लासच्या धुऱ्यावर, त्या बांधावर जावं. धुऱ्यावर गेली का वाटे, घरी यावं. दोनदा दूध उतू गेलं. आमचा बुढा, म्हंजे माहा नवरा, म्हणे, "तुह्या पायाले भिंगरी लागली का वं?" मी म्हणलं, लागली, तुमी तुमचा चहा घ्या अन् गप बसा. त्या माणसाले काय सांगू? सांगण्यासारखं असतं तं मी अख्ख्या गावाले नसतं सांगतलं?

मी गोजराबाई. मेडशीहून जऊळक्याकडे यष्टी जाते त्या रस्त्यावर आमचं गाव हाये. गावामागं साठ एकर ई-क्लास, म्हंजे सरकारी चराईची जमीन. मी अन् शेजारची नानीबाई एकाच साली ह्या गावात सुना म्हणून आलो, तवा तिथं नुसतं गवतच गवत होतं. मंग कुठून तं वेडी बाभूळ आली. पाहता पाहता असं रान माजलं का बकरीबी आत गेली तं पाठ सोलून बाहेर ये. काटा असा का चप्पल फोडून टाचेत घुसे. गवत गेलं, ढोरं दुसरीकडे गेली, अन् आमी सरपणापुरत्या काठाकाठानं फिरत राह्यलो.

तीन वर्सांआधी वाशिमहून एका संस्थेची पोरगी आली, निता नावाची. गळ्यात दुर्बीण, पायात बूट. म्हणे, "मावशी, पावसाळ्यात इथं तणमोर यायचा. त्याला मोकळं गवत लागतं. झुडपं वाढली अन् त्यानं येणं सोडलं. झुडपं काढली तर येईल." आमी नऊ बायांनी काम हाती घेतलं. खरं सांगते, मले पाखराचं काही नवतं. मले गवत पायजे होतं, घरी दोन म्हशी हायेत.

सरपंच बबनराव तं असे हसले का त्यायची टोपी पडली. "सरकार म्हणते झाडं लावा, अन् ह्या बाया झाडं उपटून राह्यल्या! गोजराबाई, तुमाले डाक्टरले दाखवू का?" मी म्हणलं, "पयले त्या बाभळीखाली अनवाणी चालून दाखवा, मंग डाक्टरचं पाहू."

वेडी बाभूळ कापायची नसते. कापली का ती चेकाळते, एका खोडाले दहा फुटवे फुटतात. मुळासकट खणावं लागते. मी खणायच्या कामावर, अन् नानीबाई शेंगांच्या. झाड खणायच्या आधी त्याच्या सगळ्या शेंगा पोत्यात भरायच्या, पोत्याचं तोंड सुतळीनं शिवायचं, अन् नाल्यापलीकडे नेऊन जाळायचं. एक शेंग सांडली का पंचवीस झाडं झाली समजा. नानीबाईचं काम म्हंजे बाप्पा! एकदा घरी जाऊन लुगडं झटकलं तं पदरात एक शेंग निघाली. त्या एका शेंगेसाठी भर उन्हात परत आली अन् पोतं उसवून आत टाकली. मी चिडवलं तिले, म्हणलं, नानी, तिले हळदीकुंकूबी लाव.

दोन वर्सं आमचे हात सोलून निघाले. चाळीस एकर मोकळं झालं, पवन्या, मारवेल असं चांगलं गवत आलं. अन् मागच्या श्रावणात तो आला.

काळा कुळकुळीत गळा, डोक्यामागं दोन-चार पिसं वर वळलेली. गवतातून एकदम वर उसळे, पांढरे पंख फडफडवे, अन् धप्पकन खाली. परत वर, परत खाली. दिवसभर! मी धुऱ्यावर पोट धरून हसली. म्हणलं, अरे लेकाच्या, तुह्यापायी आमी हाताचे फोड फोडले, अन् तू उड्या मारून राह्यला? निता म्हणे, "मावशी, तो मादीला बोलावतोय." मंग माहं हसू बंद झालं. महिनाभर तो उडत राह्यला. मादी काही आली नाई. पोळा झाला अन् एक दिवस तोबी दिसला नाई. त्या सांजेले माह्या घशाखाली घास उतरला नाई. बुढा म्हणे, "पोराची सोयरीक मोडली तवा तं दोन भाकरी खाल्ल्या होत्या तू!"

काय सांगू, माह्या जीवाले घोरच लागला. मले ती मादी पायजे होती. तिची अंडी पायजे होती, पिल्लं पायजे होती. म्हशीबिशी मी विसरून गेली. अन् ह्याच घोरापायी मी ते केलं.

आमच्याकडे वावरात मेंढरं बसवतात. कळप रात्री जाळीच्या वाड्यात बसवला का लेंडी-मुतानं जमीन अशी पिकते का दुसऱ्या खताचं नाव घ्यायचं काम नाई. उन्हाळ्यात सटवाजी मेंढ्यावाला आला का लोक त्याच्या मागं लागतात, माह्यात बसव, माह्यात बसव. मी त्याले पायलीभर ज्वारी देल्ली, वरून लोणचं देल्लं, अन् कळप माह्या वावरात न बसवता ई-क्लासमधी बसवला. तीन रात्री, तीन जागी. म्हणलं गवत दाट होईन, मादीले लपायले आडोसा होईन, येईन बापडी. निताची तवा परीक्षा होती, ती महिनाभर आली नवती. गावानं माही वाहवा केली. नानीबाई म्हणे, "तुह्या डोक्यात भुसा नाई वं गोजरे. मी उगाच समजत होती."

मी फक्त एक गोष्ट इचारली नाई. मेंढरं दोन महिने काय खाऊन आली? सटवाजी नाल्यानाल्यानं आलता. अन् वैशाखात नाल्याकाठी वेड्या बाभळीच्या पिवळ्या शेंगांबिगर असते काय?

आषाढात पाणी पडलं अन् गवतासंगं बारीक पानांची रोपं वर आली. शेकड्यानं, हजारानं. निता आली, खाली वाकली, अन् तिचा चेहराच उतरला. "शेंगा नेताना सांडल्या मावशी," ती म्हणाली. "पोती नीट शिवली गेली नसतील." तिनं कोणाचं नाव घेतलं नाई. पण आठ जणींनी वळून नानीबाईकडे पाह्यलं. त्या आठ जणींत मीबी होती.

नानीबाई म्हणे, "मी एक शेंग सांडली नाई. लेकराची आण." एकेक करून सगळ्या घरी निघाल्या. मंग ती बोलणंच बंद झाली. हापशीवर आली का खाली मान घालून घागर भरे अन् जाये.

तवापर्यंत मले खरंच ठाऊक नवतं. चार दिवसांनी मी धुऱ्याच्या कडेचं एक रोप सहज उपटलं. मुळाशी काळी गोळी. बोटानं फोडली तं मेंढीची लेंडी, अन् कोंब तिच्यातूनच निघालेला. दुसरं उपटलं, लेंडी. तिसरं उपटलं, लेंडी. मी उठून उभी राह्यली अन् मले दिसलं का रोपं सगळीकडे नाईतच. तीन चौकोन हायेत. जिथं जिथं सटवाजीची जाळी होती तिथं तिथं. जाळीच्या बाहेर एक रोप असन तं शपथ.

माय वं! मले भुईनं गिळावं असं झालं.

सांगायचं ना मंग सरळ? तुमी म्हणसान. मीबी स्वतःले तेच म्हणत होती. पण वाहवा घेतलेलं तोंड उघडता उघडत नाई. मी ठरवलं, गुपचूप एकटीच जाईन, तिन्ही चौकोन निंदून काढीन. जमीन ओली हाये, रोप वीतभराचं हाये, दोन बोटांनी निघते. रोपं गेली का गोष्टबी गेली. नानी आठ दिवसांनी विसरून जाईन. असं मी ठरवलं, अन् सोमवारी सकाळी फटफटताच खुरपं घेऊन गेली. मधल्या चौकोनातून सुरुवात केली, कारण तिथं दाट होती.

दहा-बारा रोपं काढली असतीन. अन् माह्या हाताजवळून, अगदी हातभरावरून, काहीतरी फर्रकन उठलं. मी मागंच पडली. मातकट रंगाची कोंबडीएवढी पाखरीण, लांब मान, लांब पाय. धुऱ्यावरून गेली अन् पल्याडच्या गवतात उतरली. खाली पाह्यलं तं गवत दाबून केलेली बशीएवढी जागा, अन् तिच्यात तीन अंडी. हिरवट, तपकिरी ठिपक्यांची.

ती आलती. मले न सांगता, निताले न सांगता, नर यंदा कवा उडला तेबी न दाखवता, तणमोराची मादी आलती. अन् बसायले तिले जागा कोणती सापडली? जिथं मेंढरांच्या खतानं गवत सगळ्यात दाट झालं तीच. हसू का रडू तेच मले समजेना.

मी पावलाच्या ठशावर पाऊल ठेवत मागं आली अन् धुऱ्यावर बसली. अंडी उघडी. वर ढग, ढगाखाली कावळे. येते का नाई, येते का नाई. बुढ्याचा चहा राह्यला, म्हशीचं दूध राह्यलं. दुपार व्हायले आली तवा गवत हललं, मान दिसली, खाली गेली. बसली. मी घरी येऊन गुमान भाकरी थापली, अन् पयली भाकरी जाळली.

आता पाहा माही गंमत. रोपं निंदावी तं ती उठून जाईन. नऊ बाया गवतात फिरल्या का कोणतं पाखरू बसून राह्यते? न निंदावं तं रोपं मुळं सोडतीन. पिल्लं निघून उडती व्हायले दिवाळी येईन, तवापर्यंत मूळ कमरेएवढं खाली गेलं असन, मंग दोन बोटांचं काम नाई, खणायले लोखंडी सब्बल लागते. अन् हे कोणाले सांगावं तं पयला प्रश्न येईन, तू तिथं एकटी काय करून राह्यली होती? त्या प्रश्नाचं उत्तर आलं का सटवाजी आला, मेंढरं आली, नानीबाई आली. म्हणून मी कोणालेच सांगतलं नाई अन् घर ते धुरा, धुरा ते घर करत राह्यली.

बुधवारी निता आली. म्हणे, "वाफसा चांगला आहे, ओल्या मातीतून रोपं सहज निघतील. उद्या सगळ्या जणी या, एका दिवसात तिन्ही तुकडे काढून टाकू. आता नाही काढली तर तीन वर्षांची मेहनत पाण्यात."

माह्या तोंडातून भसकन निघालं, "उद्या? उद्या नागपंचमी हाये! उद्या भुईले खुरपं लावते कोणी?"

"हो वं माय," बाकीच्या म्हणाल्या. "उद्या खणत नाई, निंदत नाई." निता बिचारी कसनुशी झाली. म्हणाली, बरं, परवा. नागोबानं मले एक दिवस देल्ला.

दुसऱ्या दिवशी वारुळाले दूध-लाह्या घेऊन गेली. बाकीच्या बाया लेकरांसाठी मागून राह्यल्या होत्या. मी मनात म्हणलं, देवा, तुले दूध हाये, लाह्या हायेत, पोटभर खा. पण तिकडे ई-क्लासमधी जाऊ नको, अन् तिची अंडी खाऊ नको. इतकं मागितलं अन् मंग डोये भरून आले, कारण नानीबाई समोरच हात जोडून उभी होती. माह्याकडे पाह्यलंबी नाई तिनं.

शुक्रवारी आमी नऊ जणी धुऱ्यावर जमलो. निता दहावी. रात्रभर मी ठरवलं होतं का सकाळी पयले सांगायचं. रस्त्यानं ठरवलं, धुऱ्यावर गेली का सांगायचं. धुऱ्यावर गेल्यावर म्हणलं, सगळ्या खाली बसल्या का सांगायचं. कोणीच खाली बसलं नाई. निंदताना जशी एकेकीची पात असते, तशा पाती वाटणं सुरू झालं.

नानीबाईनं पदर खोचला. पंधरा-सोळा दिवसांनी तिचा आवाज ऐकला मी. "मधली पात माही," ती म्हणाली. "माह्याच शेंगा हायेत ना? मंग मीच काढते. कोणी मदतीले येऊ नका."

अन् निघाली बी! बसून निंदत जावं, हळूहळू जावं, ते नाई. सरळ उभी, मधल्या चौकोनाकडे, तरातरा. तिले पयले मधलाच साफ करायचा होता, जिथं सगळ्यात दाट होतं. मी मनात म्हणलं, आता सांगते. ती पन्नास पावलांवर होती. आता सांगते. तीस पावलं. नानीच्या पाठीवर लुगडं घामानं ओलं झालेलं मले दिसत होतं.

"थांब वं नानीऽऽ! अंडी हायेत! पाय टाकू नको!"

मी असा गळा काढला का रस्त्यावरची माणसंबी थांबली असतीन. नानी थबकली, अन् तिच्यासमोरून पाखरीण उठली, फर्रकन, अन् पल्याड गेली. निताच्या हातातली वही खाली पडली.

"मादी," ती म्हणाली. "मावशी, मादी! तुम्हाला कसं माहीत अंडी आहेत?"

"सोमवारी मी तिथं होती."

"एकट्या? कशाला?"

झालं. आला तो प्रश्न.

मी म्हणलं, "रोपं उपटायले. चोरून. शेंगा नानीनं नाई सांडल्या. तिनं एक शेंग सांडली नाई. शेंगा मेंढरांच्या पोटातून आल्या, अन् मेंढरं मी आणली. प्रत्येक रोपाच्या बुडाशी लेंडी हाये, उपटून पाहा. मले बारा दिवस ठाऊक हाये."

एकीनं कडेचं रोप उपटलं, लेंडी फोडली, अन् दुसरीले दाखवली. निता मले ओरडन असं वाटलं. तिनं डोये मिटले, उघडले, अन् इचारलं, "किती अंडी?"

"तीन."

"सगळ्या बाहेर," ती हळूच म्हणाली. "आवाज न करता. आता पिल्लं निघेपर्यंत आत कोणीच जायचं नाही."

"अन् रोपं?" एकीनं इचारलं.

"राहू दे. दिवाळीनंतर बघू. मुळं खोल जातील, पण दुसरा इलाज नाही."

"मी खणीन," मी म्हणलं.

तवा नानीबाई गवतातून बाहेर आली. माह्यासमोर येऊन उभी राह्यली. "खणशीलच तू," ती म्हणाली. "एकटी खणशील. सब्बल घेऊन, एकेक मूळ. अन् मी इथं धुऱ्यावर बसून पाहीन. इतके दिवस मी हापशीवर खाली मान घालून आली, तुह्यासमोरून घागर नेली. गावात कोणाले तोंड दाखवलं नाई. अन् तुले एक शब्द फुटला नाई, गोजरे?"

"नाई फुटला," मी म्हणलं. दुसरं काय म्हणू? खोटं बोलून झालं होतं, अन् खऱ्याले उशीर झाला होता.

मंग आमी दहाही जणी धुऱ्यावर उकिडव्या बसलो. घरी जावं असं कोणालेच वाटलं नाई. नानीबाई माह्याच बाजूले बसली, कारण धुऱ्यावर तेवढीच जागा राह्यली होती. पाठ माह्याकडे करून बसली.

अंडी उघडी होती. सोमवारी तिले एका बाईनं उठवलं होतं, आज दहा जणींनी. निता म्हणाली, दोनदा उठवली का कधी कधी परत येत नाई. दुर्बीण तिनं डोयावरून काढलीच नाई. बाभळीच्या शेंड्यावर एक कावळा येऊन बसला. त्याले हाकलावं तं आवाज होईन, न हाकलावं तं तो उतरन. आमी नऊ जणी त्या कावळ्याकडे अशा पाहून राह्यलो का नजरेनं मारू. मी मनात त्याच्या सात पिढ्या काढल्या. थोड्या वेळानं तो आपल्या मनानंच उडून गेला. ऊन आलं, ढग आले, परत ऊन आलं. एकीच्या पायाले मुंग्या आल्या तरी तिनं पाय हलवला नाई. मी म्हणत होती, ये वं बाई. शिव्या दे मले, चोच मार, पण ये. माह्यापायी जाऊ नको.

"येतेय," निता ओठातल्या ओठात म्हणाली.

पल्याडच्या काठानं गवत हललं. थांबलं. परत हललं. मधल्या चौकोनात एक मान वर आली, इकडे पाह्यलं, तिकडे पाह्यलं. मान खाली गेली.

"बसली."

माह्या छातीतून असा हुंदका आला का मले दाबताच आला नाई. मोठ्यानं फुटला. नानीबाई गर्रकन वळली, आपल्या पदराचा बोळा केला अन् माह्या तोंडात कोंबला, अन् वरून हात दाबून धरला.

"गप वं भवाने," ती माह्या कानात म्हणाली. "उठून जाईन ना ती."